बांधला की बांधून घेतला?

'ताजमहाल कोणी बांधला?' हा इतिहासाच्या पेपरातला हमखास प्रश्न. उत्तर शहाजहान, गुण एक. खरं म्हणजे या गृहस्थाने तिथे एक वीटही रचली नसणार. मराठीत 'बांधला' आणि 'बांधून घेतला' असे दोन स्वच्छ वेगळे प्रयोग आहेत. एरवी आपण हा फरक नीट पाळतो. ब्लाऊज शिवला आणि शिवून घेतला यात कोणाचाच घोळ होत नाही. पण इतिहासाचं पुस्तक उघडलं की राजे, बादशहा, पोप सगळे एकदम गवंडी होतात!

म्हणूनच मला 'बांधला' हा शब्द जिथे अक्षरशः खरा आहे अशा इमारतींचं फार कुतूहल आहे. अशा इमारती थोड्याच, पण त्यांच्या कथा मोठ्या विलक्षण.

पहिली फ्रान्समधली. द्रोम प्रांतात ओतरीव नावाचं खेडं आहे. तिथे फर्दिनां शवाल नावाचा पोस्टमन होता. रोजची साधारण तीस किलोमीटरची पायपीट, तीही डोंगराळ भागात. चालताना करमणूक म्हणून तो मनातल्या मनात एक महाल बांधत असे. पुढे तेही मागे पडलं. मग 1879 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, वाटेत एका दगडाला त्याची ठेच लागली. दगड इतका चमत्कारिक आकाराचा होता की त्याने तो खिशात घातला. दुसऱ्या दिवशी तिथेच आणखी सापडले. खिसे पुरेनात म्हणून टोपली आली, टोपली पुरेना म्हणून एकचाकी ढकलगाडी. दिवसा टपाल वाटायचं, दगड हेरून वाटेच्या कडेला रचून ठेवायचे, संध्याकाळी गाडी घेऊन परत जायचं आणि रात्री कंदिलाच्या उजेडात बांधकाम. गावाने त्याला वेडा ठरवलं हे वेगळं सांगायला नको.

हे वेड तेहतीस वर्षं चाललं. 1912 मध्ये महाल पूर्ण झाला तेव्हा तो जवळपास 26 मीटर लांब आणि काही ठिकाणी 10 मीटर उंच होता. त्यात काय नाही? हिंदू मंदिर आहे, मशीद आहे, स्विस शॅले आहे, मध्ययुगीन किल्ला आहे. सीझर, व्हर्सिंजेटोरिक्स आणि आर्किमिडीज असे तीन उंचच उंच राक्षसी पुतळे शेजारी शेजारी उभे आहेत. या पोस्टमनने जग पाहिलं ते चित्रांच्या मासिकांतून आणि पोस्टकार्डांवरून. दुसऱ्यांची पत्रं वाटता वाटता त्याने स्वतःसाठी जग गोळा केलं, असं म्हणायला हरकत नाही.

मरणानंतर या महालातच पुरलं जावं अशी त्याची इच्छा होती. कायद्याने ती नाकारली. तेव्हा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी या माणसाने गावच्या दफनभूमीत स्वतःची समाधी बांधायला घेतली! आठ वर्षांत ती पुरी केली आणि 1924 मध्ये तिच्यात विसावला.

दुसरी इमारत लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स वस्तीतली. सायमन रोडिया हा इटलीतून आलेला, बांधकामावर मजुरी करणारा माणूस. 1921 मध्ये त्याने एक त्रिकोणी तुकडा घेतला आणि पोलादी सळया, जाळी आणि सिमेंट यांचे मनोरे उभारायला लागला. वेल्डिंग नाही, नटबोल्ट नाहीत. फुटक्या फरशा, बाटल्यांच्या काचा, शिंपले हा त्याचा जडावाचा ऐवज. सर्वांत उंच मनोरा सुमारे 30 मीटर. 1954 पर्यंत काम चाललं. योगायोग म्हणजे, इथेही तेहतीस वर्षं! मग एके दिवशी त्याने जागा शेजाऱ्याला देऊन टाकली, तो गाव सोडून गेला आणि पुन्हा ते मनोरे पाहायला आलाच नाही.

इकडे नगरपालिकेने मनोरे धोकादायक ठरवून ते पाडायचा आदेश काढला. पण काही तरुणांनी जागा विकत घेतली होती, त्यांनी लोक जमवले आणि एका विमान-अभियंत्याने तोडगा काढला : ओढून बघा. दहा हजार पौंडांचा आडवा ताण द्यायचा, पडला तर पाडा. ऑक्टोबर 1959 मध्ये लोकांसमोर ही परीक्षा झाली. मनोरा जेमतेम हलला, उलट ताण देणारं यंत्रच वाकायला लागलं. आदेश मागे घेण्यात आला.

तिसरी जागा आपल्याच देशातली, चंडीगढची. फाळणीत गाव गमावून आलेला नेकचंद तिथे रस्त्यांच्या कामावर निरीक्षक होता. नवं शहर वसवण्यासाठी जी खेडी पाडली गेली त्यांचा राडारोडा त्याने उचलला. फुटक्या बांगड्या, कपबश्या, दगड असं सगळं तो राखीव जंगलात नेऊन मूर्ती घडवत राहिला. सुमारे अठरा वर्षं चोरून. 1975 मध्ये अधिकाऱ्यांना पत्ता लागला. नियमाप्रमाणे सगळं जमीनदोस्त व्हायला हवं होतं. पण लोक त्याच्या बाजूने उभे राहिले आणि 1976 मध्ये ते 'रॉक गार्डन' म्हणून उघडलं गेलं. सरकारने त्याला पगार दिला आणि हाताखाली माणसंही दिली.

या तिघांना बांधायचा हुकूम कोणीच दिला नव्हता. ज्यांच्या दारी सरकार पोचलं, तिथे ते पाडायलाच पोचलं. मला त्या अधिकाऱ्यांचा राग येत नाही. मनोरा खरंच कोणाच्या डोक्यावर कोसळला असता तर जबाबदारी त्यांचीच होती. मला मोलाचं वाटतं ते एवढंच, की कोणीतरी 'आधी ओढून तर बघा' म्हणालं आणि समोरच्याने ते ऐकलं. फ्रान्समध्येही शवालच्या महालाला कुरूप म्हणणारे सरकारी जाणकार होते. 1969 मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी त्यांचं न ऐकता त्याला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. वेड्यांची बांधकामं टिकतात ती अशा दुसऱ्या माणसांमुळे. असे किती शवाल त्या दुसऱ्या माणसाअभावी बुलडोझरखाली गेले असतील, त्याचा हिशेब कोणत्याच पुस्तकात नाही.

आणि एक गोष्ट. शवालने आपल्या महालात एक जागा त्या ढकलगाडीसाठी राखून ठेवली आहे. ती अजून तिथेच आहे. बादशहांच्या इमारतींत दगड वाहणाऱ्यांसाठी असा कोनाडा सहसा सापडत नाही. बांधून घेणाऱ्याला गाडीची आठवण राहत नाही. ती राहते स्वतः बांधणाऱ्याला.