भाडोत्री मिळकतीचे मूल्यमापन (मुंबई)

मुंबई शहरातील भाड्याने दिलेल्या वा देण्याजोग्या मिळकतीपासून हाती येणारे नक्त उत्पन्न आणि कालांतराने होणारी तिची मूल्यवृद्धी यांचा अंदाज बांधण्याची पद्धती. घरभाडे-नियंत्रणाच्या दीर्घ अंमलामुळे या दोन अंगांची मुंबईत फारकत झालेली असल्याने, भोगवटादार कोणत्या हक्काने तेथे राहतो, हा येथील मूल्यमापकाचा पहिला प्रश्न असतो.

भाडे-नियंत्रण व पागडी : मुंबईत घरभाड्यावर निर्बंध प्रथम 1918 साली आले. 1947 च्या मुंबई अधिनियमाने प्रमाणभूत भाड्याची सांगड 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याशी घातली, आणि मुदतीपुरता केलेला हा कायदा वारंवार मुदतवाढ मिळून अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. परिणामी गिरगाव, काळबादेवी, लालबाग, परळ या भागांतील चाळींचा वसूल घरपट्टी व डागडुजी यांनाही पुरेनासा झाला, इमारती खचू लागल्या, आणि अखेर 1969 च्या अधिनियमान्वये दुरुस्ती मंडळ स्थापून उपकर बसवावा लागला. भाडे असे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात नोंदवल्यानंतर 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम झाला व 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्यान्वये मालकास दरसाल चार टक्के भाडेवाढीचा अधिकार मिळाला आणि पूर्वी निषिद्ध असलेली पागडी (भाडेहक्क देताना वा हस्तांतरित करताना घेतली जाणारी एकरकमी रक्कम) वैध ठरली. भाडेकरू बदलताना पागडीचा सुमारे तिसरा हिस्सा मालकाने घेण्याचा प्रघात आहे. अशा मिळकतीचे मूल्य मासिक वसुलावर नव्हे, तर पुनर्विकासाच्या संभाव्यतेवर ठरते; म्हणून पावतीपुस्तक बारकाईने पाहावे. पावती अद्याप दिवंगत आजोबांच्या नावे फाडली जात असेल आणि खोलीत तीन भावांचे संसार असतील, तर वारसांचा तंटा खरेदीदाराच्या पदरी आलाच, असे समजावे. नियंत्रणाने गरीब भाडेकरूचे रक्षण किती केले व घरांची टंचाई किती वाढवली, याविषयी मतभेद आहेत.

नक्त उत्पन्न : उदाहरणादाखल, एक कोटी रुपये किमतीच्या सदनिकेचे भाडे दरमहा 25,000 रुपये धरले, तर ढोबळ उत्पन्न वर्षास तीन लाख, म्हणजे तीन टक्के होते. त्यातून सोसायटीचा आकार (बिनभोगवटा शुल्कासह) 48,000, घरपट्टी 12,000, दुरुस्ती व रंगसफेदी 15,000, आणि दोन भाडेकरूंच्या दरम्यान घर महिनाभर रिकामे राहिल्याचे 25,000 वजा जाता दोनच लाख उरतात. हीच सदनिका 70 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढून घेतली असल्यास पहिल्या वर्षाचे व्याजच सहा लाखांच्या आसपास जाते, आणि ही तूट मालकास पदरमोड करून भरावी लागते. जाहिरातीत सांगितले जाते ते भाडे बहुधा ढोबळ असते.

मूल्यवृद्धी : वाढते ती जमीन, बांधकाम झिजतच जाते. त्यामुळे जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे काय, अथवा निदान मानीव अभिहस्तांतरण झाले आहे काय, हे मिळकत पत्रिकेवरून पडताळावे. भूखंड सरकारी वा पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टच्या पट्ट्याचा असल्यास पट्ट्याची उरलेली मुदत व हस्तांतराच्या अटी किमतीवर थेट परिणाम करतात. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतो. त्यास बाजारभाव मानू नये.

करआकारणी : मुंबईत घरपट्टी 2010 पासून भांडवली मूल्यावर, आयकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के प्रमाणित वजावट.

मुंबईबाहेर : पुण्यातील जुन्या भाडोत्री वाड्यांची स्थिती बहुतांशी मुंबईतील चाळींसारखीच.

लिव्ह अँड लायसन्स : या करारात राहणाऱ्यास भाडेकरूचा हक्क नव्हे, तर मुदतीपुरता राहण्याचा परवाना मिळतो. 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्यांचा परवाना चालू होता त्यांना कायद्याने भाडेकरूंचा दर्जा दिल्यापासून, घर एकदा दिले की परत मिळत नाही, ही धास्ती मालकवर्गात खोल रुजली व पुष्कळ घरे कुलूपबंद राहिली. 1999 च्या अधिनियमाच्या कलम 24 ने मुदत संपताच ताबा मिळवण्याचा शीघ्र मार्ग खुला केला आहे. मात्र कलम 55 अन्वये करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि तसा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.