जंतू पगार बघून चावतो का?

‘इम्युनिटी वाढवायला, सूज कमी करायला नायसिन घ्या’ असले मेसेज फिरतात, म्हणून हे लिहितोय. नायसिन म्हणजे ‘ब३’ जीवनसत्त्व. त्याची गोष्ट मेडिकलच्या दुकानातून नाही, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापूसपट्ट्यातून सुरू होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पेलाग्रा पसरला. ऊन लागेल तिथल्या कातडीवर भाजल्यासारखे चट्टे, लाल सुजलेली जीभ, जुलाब, मग भ्रम आणि शेवटी मृत्यू. एवढा दाह दिसल्यावर डॉक्टरांनी जंतू शोधायला घेतला. काहींनी तर दोष रक्ताचा, घराण्याचा ठरवला. म्हणजे मालक सुटला!

१९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला कामाला लावलं. त्याच्या लक्षात आलं की वेड्यांच्या इस्पितळात रुग्ण आजारी पडतात, कर्मचारी पडत नाहीत. जंतू काय पगार बघून चावतो? गरिबाच्या ताटात होतं काय, तर मक्याचं पीठ, काकवी, डुकराची चरबी. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगातल्या कैद्यांना, माफीच्या बोलीवर, त्याने मका आणि तांदळासारख्या निकस जेवणावर ठेवलं. शेवटपर्यंत राहिलेल्या ११ पैकी ६ जणांना पेलाग्रा झाला. (आजच्या नियमांत हे बसणार नाही, आणि बसूही नये.)

विरोधक तरी ऐकेनात. मग १९१६ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्यांच्या मलमूत्राच्या आणि कातडीच्या खपल्यांच्या गोळ्या गिळल्या. त्याची बायको मेरी हिनेही रक्त टोचून घेतलं. पेलाग्रा एकालाही झाला नाही.

पुढे कापसाचे भाव कोसळले. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी दक्षिणेतल्या उपासमारीबद्दल काळजी व्यक्त केली, तर तिथले पुढारी भडकले. आमच्याकडे दुष्काळ? ही तर प्रांताची बदनामी! ओळखीचं वाटतंय ना?

गोल्डबर्गर १९२९ मध्ये गेला. हरवलेला घटक नायसिन आहे हे १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी दाखवलं. पेशी नायसिनपासून एनएडी नावाचा रेणू बनवतात. ऊर्जा आणि दुरुस्ती त्यावर चालते, रोगप्रतिकारक पेशींचीसुद्धा. तो तुटला की झपाट्याने झिजणारी कातडी आणि आतड्याचं अस्तर आधी ढासळतं आणि दाह भडकतो. पण कमतरता भरून काढणं वेगळं आणि पोट भरलेल्याने मूठभर गोळ्या खाणं वेगळं. मोठे डोस यकृताला त्रास देतात.

आणि हे फक्त अमेरिकेचं नाही. १९६० च्या सुमारास हैदराबादला सी. गोपालन आणि सहकारी पेलाग्राचा अभ्यास करत होते. रुग्ण होते दख्खनचे गरीब, ज्वारीवर जगणारे. ज्वारीतल्या ल्युसिनवर त्यांचा संशय होता आणि त्यावर पुढे बराच वाद झाला. वाद झाला तो ल्युसिनवर. त्या ताटात भाकरीशेजारी डाळ, दूध, अंडं जवळपास नव्हतंच, यावर कुणाचा वाद नव्हता.