ग्राफिक्स कार्ड घेताना : आरटीएक्स ५०६० की आरएक्स ९०६० एक्सटी?

भंडारा : बारावीचा निकाल लागून पुढचा प्रवेश निश्चित झाला की अनेक घरांत संगणकाचा विषय निघतो. मुलाला अभ्यासाबरोबर गेमही खेळायचे असतात आणि वडिलांना प्रत्येक रुपयाचा हिशेब हवा असतो. हा हिशेब सर्वांत जास्त अडतो तो ग्राफिक्स कार्डावर, कारण गेमसाठी बांधलेल्या संगणकातील बहुधा तोच सर्वांत महाग सुटा भाग असतो. जिल्ह्यातील अनेक ग्राहक या खरेदीसाठी सुमारे ६० किलोमीटरवरचे नागपूर गाठतात. साकोलीकडच्यांना तर हे अंतर शंभर किलोमीटरच्या घरात पडते. चुकीचे कार्ड घरी आले तर तेवढाच प्रवास पुन्हा करावा लागतो आणि दुकानदार ते परत घेईलच याची खात्री नसते. म्हणूनच निर्णय घरी बसून, शांतपणे झालेला बरा.

मध्यम किमतीच्या गटात सध्या दोन कार्डांची प्रामुख्याने तुलना होते. एक एनव्हिडियाचे ‘जीफोर्स आरटीएक्स ५०६०’, जे मे २०२५मध्ये आले. दुसरे एएमडीचे ‘रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी’, जे जून २०२५मध्ये आले.

जुनी स्पर्धा

या दोन घराण्यांतील चढाओढ पाव शतकाची आहे. १९९३मध्ये स्थापन झालेल्या एनव्हिडियाने १९९९मध्ये ‘जीफोर्स’ हे नाव बाजारात आणले. कॅनडातील एटीआय कंपनीने २०००मध्ये ‘रेडिऑन’द्वारे त्याला उत्तर दिले. २००६मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली आणि रेडिऑन हे नाव एएमडीकडे आले. दोन्ही कंपन्या मुख्यतः चिप तयार करतात. त्या चिपभोवतीचे कार्ड, पंखे आणि वॉरंटी मात्र असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर यांसारख्या कंपन्यांची असते. त्यामुळे एकाच चिपच्या दोन कार्डांच्या किमतीत फरक दिसला तर गोंधळून जाऊ नये.

खरा फरक मेमरीचा

आरटीएक्स ५०६० हे केवळ ८ जीबी मेमरीसह मिळते. आरएक्स ९०६० एक्सटी मात्र ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत येते. दोन्ही प्रकारांचे नाव एकच असल्याने खोक्यावरील आकडा स्वतः वाचून घेणे अत्यावश्यक आहे.

एनव्हिडियाच्या कार्डातील मेमरी नव्या ‘जीडीडीआर ७’ प्रकारची असून तिचा वेग सेकंदाला ४४८ जीबी आहे. एएमडीची मेमरी ‘जीडीडीआर ६’ प्रकारची असून तिचा वेग सुमारे ३२० जीबी आहे. म्हणजे एकीकडे वेग जास्त, तर दुसरीकडे जागा दुप्पट. यांपैकी महत्त्वाचे काय, हे खेळावर अवलंबून आहे.

‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ यांसारख्या स्पर्धात्मक खेळांना ८ जीबी पुरेशी होते. मोठ्या, चित्रपटसदृश खेळांचे तसे नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५मध्ये १६ जीबी सामायिक मेमरी आहे आणि त्यानंतरचे मोठे खेळ त्या मापाने बांधले जाऊ लागले. मार्च २०२३मध्ये संगणकावर आलेला ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ आणि डिसेंबर २०२४मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या खेळांनी उच्च सेटिंगवर ८ जीबीची मर्यादा उघड केली. मेमरी भरली की खेळ बंद पडतोच असे नाही, पण चित्र अडखळते किंवा भिंती, कपडे, चेहरे धूसर दिसू लागतात. ग्राफिक्स कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही, हे येथे विसरू नये.

जुना मदरबोर्ड असेल तर

अनेक जण नवा संगणक न घेता जुन्यातच नवे कार्ड बसवतात. अशा वेळी एक तांत्रिक बाब निर्णायक ठरते. आरटीएक्स ५०६० मदरबोर्डाशी ८ मार्गिकांनी जोडले जाते, तर आरएक्स ९०६० एक्सटी १६ मार्गिकांनी. नव्या मदरबोर्डवर हा फरक जाणवत नाही. परंतु इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे संगणक किंवा एएमडीचे बी ४५० मदरबोर्ड ‘पीसीआय एक्स्प्रेस ३’ या जुन्या पद्धतीचे आहेत. तेथे ८ मार्गिकांतून सेकंदाला जेमतेम ८ जीबी माहिती जाऊ शकते. कार्डाची स्वतःची मेमरी भरून वाहू लागली की उरलेली माहिती याच अरुंद वाटेने संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागते. ४४८ आणि ८ हे दोन आकडे शेजारी ठेवले की खेळ का अडखळतो ते उमगते. म्हणून जुन्या संगणकासाठी १६ जीबीचे कार्ड अधिक सुरक्षित होय.

वेग, चित्र आणि अभ्यास

साध्या प्रकाशयोजनेच्या खेळांत आरएक्स ९०६० एक्सटीची १६ जीबी आवृत्ती किंचित सरस ठरते. प्रकाशकिरणांचा संपूर्ण प्रवास मोजणाऱ्या, अतिशय जड खेळांत एनव्हिडियाची बाजू भक्कम आहे, मात्र या किमतीच्या कार्डावर तशा सेटिंगने खेळणे एकूणच कठीण असते.

एनव्हिडियाचे दुसरे बळ सॉफ्टवेअरमध्ये आहे. कमी रिझोल्यूशनचे चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने मोठे व रेखीव करणारे तिचे ‘डीएलएसएस’ तंत्र अधिक खेळांत उपलब्ध आहे. एएमडीचे ‘एफएसआर ४’ २०२५मध्ये आले आणि दर्जात पुष्कळ जवळ पोहोचले, पण ते चालणाऱ्या खेळांची यादी तुलनेने लहान आहे. खऱ्या दोन फ्रेममध्ये कृत्रिम फ्रेम घालून वाढवलेल्या आकड्यांच्या जाहिराती मात्र जपूनच वाचाव्यात. त्यामुळे चित्र सलग दिसते, पण कळ दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही. शिवाय या तंत्रालाही मेमरी लागतेच.

अभ्यासाचा विचार केल्यास पारडे एनव्हिडियाकडे झुकते. तिची ‘कूडा’ ही प्रणाली जवळजवळ दोन दशके वापरात असून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमातील बहुतांश साधने प्रथम तिच्यासाठी तयार होतात. त्रिमितीय चित्रांच्या ‘ब्लेंडर’मध्येही एनव्हिडियाची कार्डे सहसा वेगाने काम करतात. पाल्य या क्षेत्रात शिकणार असेल तर हा मुद्दा गेमपेक्षा मोठा मानावा.

उन्हाळा आणि वीज

परदेशी चाचण्या बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खोली जितकी तापते, साधारण तितकेच कार्डाचे तापमानही वाढते. पंचवीस अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालणारे कार्ड चाळिशीच्या खोलीत ८०च्या घरात जाईल. त्यामुळे एकाच पंख्याच्या आखूड कार्डापेक्षा दोन किंवा तीन पंख्यांचे कार्ड आणि हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट घ्यावे. घरातील कूलरचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये आणि दर महिन्याला धूळ झाडावी.

कंपन्यांच्या माहितीनुसार आरटीएक्स ५०६०ला १४५ वॅट, तर १६ जीबीच्या आरएक्स ९०६० एक्सटीला १६० वॅट वीज लागते. रोज तीन तास खेळले तरी १५ वॅटचा हा फरक वर्षाला साडेसोळा युनिटच होतो. तेव्हा वीजबिलावरून निवड करण्याचे कारण नाही. एसएमपीएस मात्र नामांकित कंपनीचा, ५५० वॅटचा घ्यावा. वीज वारंवार जाते तेथे यूपीएसची क्षमताही तपासावी. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅटच पेलतो आणि खेळताना संपूर्ण संगणक त्याच्या बराच जवळ जातो. १ केव्हीएचा यूपीएस अधिक योग्य.

किंमत किती द्यावी?

बाजारात येताना आरटीएक्स ५०६०ची घोषित किंमत २९९ डॉलर आणि १६ जीबीच्या आरएक्स ९०६० एक्सटीची ३४९ डॉलर होती. म्हणजे दुप्पट मेमरीसाठी सुमारे एक षष्ठांश जास्त. २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिपच्या किमती वाढू लागल्याने हे प्रमाण कायम राहील असे गृहीत धरता येत नाही. खरेदीच्या दिवशी दोन-तीन दुकानांतील, जीएसटीसह, लेखी दर घ्यावेत. फरक एक पंचमांशाच्या आत असेल तर १६ जीबीचे कार्ड घेणे फायद्याचे. त्याहून बराच जास्त असेल तर आपण नेमके कोणते खेळ खेळतो, याचा पुन्हा विचार करावा. ‘इंटेल आर्क बी ५८०’ हे डिसेंबर २०२४मध्ये आलेले १२ जीबीचे कार्ड कमी बजेटसाठी पाहण्याजोगे आहे, परंतु जुन्या संगणकात ते पूर्ण क्षमतेने चालत नाही.

निवड कशी करावी?

• मोठे खेळ आवडतात आणि कार्ड चार-पाच वर्षे वापरायचे आहे : आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी.
• जुन्या मदरबोर्डवर बसवायचे आहे : तेच.
• कृत्रिम बुद्धिमत्ता, त्रिमितीय चित्रण यांचा अभ्यास प्रमुख, गेम दुय्यम : आरटीएक्स ५०६०. ऐपत असल्यास आरटीएक्स ५०६० टीआयची १६ जीबी आवृत्ती अधिक चांगली.
• केवळ स्पर्धात्मक खेळ, १०८० पिक्सेलचा मॉनिटर : स्वस्त पडेल ते.
• आरएक्स ९०६० एक्सटीचे ८ जीबीचे कार्ड : किमतीत मोठी सवलत असेल तरच.

घरून निघण्यापूर्वी कॅबिनेटची आतील लांबी मोजून घ्यावी, मदरबोर्ड व एसएमपीएसचे नाव लिहून घ्यावे. दुकानात वॉरंटी किती वर्षांची आहे आणि बिघाड झाल्यास कार्ड नागपुरातच स्वीकारले जाईल की परगावी पाठवावे लागेल, हे विचारावे. पक्के बिल घ्यावे, त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि खोके जपून ठेवावे. आपल्या जिल्ह्यातील ग्राहकासाठी ही काळजी चार-दोन जादा फ्रेमपेक्षा मोलाची आहे.