लिहिते राहण्याचे बळ

लेखनाला स्फूर्ती लागते, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण स्फूर्तीच्या भरात फार तर पहिली दहा पाने लिहून होतात. पाचशेवे पान कशाच्या बळावर लिहिले जाते, हा प्रश्न उरतोच. अर्धवट राहिलेल्या कादंबऱ्या, चार प्रकरणांवर थांबलेले गावांचे इतिहास किती घरांतून ट्रंकेच्या तळाशी पडून असतील! ते लिहिणाऱ्यांना बुद्धी नव्हती असे नव्हे. आरंभ करायला जे लागते ते निराळे, आणि शेवट गाठायला जे लागते ते निराळे. या दुसऱ्या गोष्टीचा शोध घ्यायला आपणांस दूर जायला नको. घोडनदी शिरूरवरून वाहत जाऊन भीमेला मिळते, आणि त्याच भीमेच्या काठी दौंड आहे. या टापूतच दोन उदाहरणे सापडतात.

दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती सदन’ आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे पुस्तक १८८२ साली निघाले, आणि अमेरिकेच्या प्रवासाचे वर्णन १८८९ साली. त्याच वर्षी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ झालेल्या मुली व विधवा यांना आश्रय देता देता केडगावचे माळरान गजबजून गेले. एवढा संसार अंगावर असताना, विसाव्या शतकाच्या आरंभी, पंचेचाळिशीच्या सुमारास या बाईंनी बायबलचे मराठी भाषांतर करावयास घेतले. तेही इंग्रजीवरून नव्हे, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून. त्यासाठी त्या भाषांचा अभ्यास केला. ऐकू कमी येत होते, प्रकृती खालावत होती, संस्थेचा व्याप वाढतच होता. तरी हे काम सुमारे सतरा-अठरा वर्षे चालले. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई निवर्तल्या. लेखणी खाली ठेवायला याहून मोठे कारण कोणते असू शकते? पण रमाबाईंनी काम सोडले नाही. ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. समग्र ग्रंथ छापून बाहेर पडला १९२४ साली.

हे बळ कोठून आले? श्रद्धा होतीच, ती कोणाला पटो वा न पटो, तिचे सामर्थ्य नाकारता येत नाही. पण आम्हांस आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, आपण कोणासाठी लिहितो हे बाईंना पक्के ठाऊक होते. त्यापूर्वीचे भाषांतर संस्कृतप्रचुर, साध्या बाईमाणसाला जड जाणारे आहे, असे त्यांचे मत होते. सदनात नुकतीच अक्षरे गिरवू लागलेल्या मुलीला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती, आणि ती मुलगी रोज डोळ्यांसमोर होती. दुसरी गोष्ट, छापखाना घरचाच होता. तेथे सदनातल्याच मुली खिळे जुळवीत. एक हात लिहितो आहे आणि पुढचे पान घ्यायला दहा हात उभे आहेत, अशी ती व्यवस्था होती. अशा ठिकाणी, आज लहर लागत नाही, असे म्हणण्याची सोय नसते.

आता नदी ओलांडून शिरूर तालुक्यात जाऊ. कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशाच्या फडांसाठी कित्येक दशके लावण्या, गण-गौळणी आणि वग लिहिले. २०२१ साली त्यांचे निधन झाले. रमाबाईंच्या ग्रंथाशी लावणीची तुलना करणे काहींना रुचणार नाही; पण लिहिते राहण्याचे मर्म दोन्हीकडे एकच आहे. दसऱ्यानंतर फड बाहेर पडतात, चैत्र-वैशाखात जत्रांना भर येतो. गेल्या साली पाहिलेलाच वग पुन्हा लावला तर प्रेक्षक उठून जातो. फडावर कित्येक बिऱ्हाडांचे पोट असते. नवे कवन वेळेवर आले पाहिजे, ही मागणीच कवीला बसते करते.

पण येथे एक अडचण आहे, आणि ती लपविणे बरे नव्हे. वाट पाहणारा असला म्हणजे कीर्ती मिळते असे नाही. रमाबाईंच्या भाषांतराचा प्रसार फारसा झाला नाही. त्यांचे नाव घेणाऱ्यांपैकी अनेकांना तो ग्रंथ ठाऊकही नसतो. फडात गाणे गाजते ते गाणारणीच्या नावाने. लिहिणारा कनातीमागेच राहतो. मग हे श्रम वाया गेले काय?

आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कीर्ती मिळाली तर ती लेखन संपल्यावर मिळते. लिहीत असताना तिचा आधार घेता येत नाही. लिहीत असताना हाताशी असते ते आजचे पान आणि ते घ्यायला आलेले माणूस. ज्याला लिहिते राहायचे असेल त्याने स्फूर्तीची वाट पाहू नये. आपल्या लेखनाची वाट पाहणारे एखादे माणूस शोधावे. ते घरातले असो, शेजारचे असो वा शाळेतले असो. त्याला ठरल्या वारी ठरलेली पाने नेऊन द्यावीत. एवढे बंधन पाळले, तर ट्रंकेच्या तळाशी पडलेले गावाचे इतिहास पाचव्या प्रकरणाकडे वळू लागतील.