मोटारगाडीचे संदेशजाल : तारदोषशोधन

मोटारगाडीतील इलेक्ट्रॉनीय नियंत्रक एकके ज्या सामाईक तारांवरून परस्परांना संदेश पाठवितात, त्या तारांतील तूट, परस्परस्पर्श, गंज इ. दोषांचे स्थान निश्चित करण्याचे तंत्र. त्याचे मूळ तारायंत्राच्या काळात आहे. एकोणिसाव्या शतकात लांब तारमार्गावरील दोष टोकाशी बसून विद्युत् रोध मोजून शोधीत. एस. एच. क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडलेला व चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८४३ मध्ये प्रचारात आणलेला सेतू त्या कामी उपयोगी पडे.

मोटारगाडीत दीर्घकाळ याची गरज भासली नाही. दिवा, भोंगा, ज्वलन यांना स्वतंत्र तार असे व परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा सांगाडा. औरंगाबादजवळ (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्या काळच्या स्कूटरची तार तपासण्यास कारागिराला चाचणी-दिवा पुरेसा होता.

नियंत्रक वाढले तसे तारांचे ओझेही वाढले. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ मध्ये ‘कॅन’ या संदेशजालाचे काम हाती घेऊन १९८६ मध्ये ते डिट्रॉइट येथे मांडले. १९९३ मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. शेंद्रा येथे २००१ मध्ये स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली, तोवर यूरोपीय मोटारींत ही पद्धती रुळू लागली होती.

या जालाच्या जलद प्रकारात पिळलेल्या दोन तारा असतात. संदेश नसताना दोहोंवर सु. २·५ व्होल्ट दाब असतो. संदेशाच्या वेळी एकीवर तो सु. ३·५, तर दुसरीवर सु. १·५ व्होल्ट होतो. ग्राहक एकक केवळ हा फरक वाचते. त्यामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडणारा बाह्य उपद्रव बाद होतो. दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो. घटमाला सोडवून दोन तारांमधील रोध मोजल्यास तो ६० ओहम भरावा. १२० भरल्यास एखादी तार तुटलेली किंवा एक टोक निखळलेले असते. शून्याजवळ आल्यास तारा परस्परांना चिकटलेल्या असतात. मात्र एक तार सांगाड्याला टेकली असली, तरी ६० हाच आकडा येऊ शकतो. म्हणून प्रत्येक तारेचा सांगाड्याशी रोधही पाहावा लागतो.

खरी फसगत दोषसंकेतामुळे होते. अमुक एककाशी संपर्क तुटला, असे यंत्र दाखविते. पण ती इतर एककांनी केलेली तक्रार असते, त्या एककाच्या बिघाडाचा पुरावा नव्हे. ते महागडे एकक बदलूनही जोडणीतला गंज तसाच राहतो व भुर्दंड मालकावर पडतो. याउलट, एकेक जोडणी सोडवीत मापन करणारा कारागीर दोषाचा भाग निम्म्यानिम्म्याने आवळत आणतो. सर्वांत चिवट दोष अधूनमधून उद्‌भवणारे. उभ्या, कोरड्या गाडीत सर्व मापे बरोबर येतात. तेव्हा तारांचा जुडगा (कारागिरांच्या बोलीत ‘वायरिंग’) हाताने हलवीत आंदोलनदर्शकावरील रेषा केव्हा मोडते, हे पाहत राहावे लागते.