साचेखात्याचा आवाज आणि कामगारांचे कान

गिरणगावाच्या इतिहासात संप आहेत, गोळीबार आहे, टाळेबंदी आहे. कामगारांचे कान मात्र कुठेच नाहीत. विज्ञानाला तेव्हा ठाऊक नव्हते, ही सबब चालणार नाही. 1886 साली ग्लासगोच्या डॉ. टॉमस बार यांनी 100 बॉयलर कामगारांचे कान घड्याळाच्या टिकटिकीवर तपासले. एकाचीही श्रवणशक्ती शाबूत निघाली नाही. पोस्टमन लोकांचे कान त्या मानाने पुष्कळच चांगले होते. तरीही 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या मूळ यादीत शिशाची विषबाधा आली, आवाजाने हळूहळू येणारा बहिरेपणा आला नाही.

आता मुंबईकडे पाहा. साचेखात्यात पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून 'विटाळ' होतो असे सांगून अस्पृश्यांना तिथे मज्जाव. त्यांच्या वाट्याला कमी पगाराचे त्रासनखाते. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी साचेखाते खुले करण्याचा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगार पुढाऱ्यांचीही अडचण झाली. काही जण आज विचारतील, कान फोडणाऱ्या खात्यात जाण्याचा हट्ट कशाला? अहो, त्रासनखाते काय शांत होते? गोंगाट तिथेही होताच. दलित कामगार तो कमी पैशात सोसत होता, एवढाच फरक.

आणि गोष्ट कानावर थांबत नाही. माणूस म्हणतो, सवय झाली. शरीराला सवय होत नाही. मोठा आवाज म्हणजे धोका, असे समजून ते ताणाची संप्रेरके सोडते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. वर्षानुवर्षे गोंगाटात राबणाऱ्यांत उच्च रक्तदाब जास्त आढळतो. हृदयविकाराचा पुरावा अजून तितका पक्का नाही, पण शंकेला जागा आहे. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात; कोणत्या खात्यात काम करता, हे किती जण विचारतात?

कारखाने कायद्याच्या रोगांच्या यादीत हा बहिरेपणा पुढे आला खरा, पण 1982 च्या संपानंतर गिरणगावच विझू लागले. साचे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत खडखडत राहिले. तिथे एकाच शेडचे कागदोपत्री तुकडे पाडायचे, म्हणजे कायदाच लागू होत नाही. 90 डेसिबलची मर्यादा 8 तासांसाठी आहे. यंत्रमागाची पाळी 12 तासांची.