खानदेशातील सुवार्ताकार्य

येशू ख्रिस्ताविषयीची आपली श्रद्धा इतरांपर्यंत पोहोचवणे हे ख्रिस्ती धर्मात प्रत्येक विश्वासणाऱ्याचे कर्तव्य मानले जाते. ते एकट्या पाळकाचे किंवा फादरांचे काम नव्हे. मंडळ्यांमध्ये याला ‘सुवार्ता सांगणे’ किंवा ‘साक्ष देणे’ म्हणतात. पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवले, तो प्रसंग मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २८व्या अध्यायात येतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल या कामाला टाळता न येणारी जबाबदारी मानतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात मात्र तिला एक अट जोडलेली आहे : आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर तयार असावे, पण ते सौम्यतेने आणि समोरच्याचा आदर राखून द्यावे. खानदेशातील या कामाचे मोल ठरवायचे तर याच अटीवर ठरवले पाहिजे.

एकसंध खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. मराठी प्रॉटेस्टंट मिशनांचे जुने बालेकिल्ले खानदेशाबाहेर होते. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला काम करत होते. खानदेशात मिशनांचा जम त्या मानाने उशिरा बसला. वऱ्हाडात काम करणारे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेच्या गावांत आले. पश्चिमेला धुळे, नंदुरबार, नवापूर या पट्ट्यात स्कँडिनेव्हियन मंडळी आली. त्यांची मूळ प्रेरणा फ्रेड्रिक फ्रान्सन या स्वीडिश प्रचारकाची. त्यांनी १८९० मध्ये शिकागोत स्थापलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन १९४९ पासून ‘टीम’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते.

हिवाळ्यात तंबू घेऊन खेड्यांचा दौरा, बाजाराच्या दिवशी उपदेश, पुस्तिकांची विक्री, घरोघर जाऊन बायकांशी बोलणाऱ्या बायबल-स्त्रिया अशी पश्चिम भारतातल्या मिशनांची रीत होती. परदेशी मिशनऱ्यांची नावे अहवालांत राहिली. पण ऐकणाऱ्याच्या बोलीत बोलणारा माणूस बहुधा इथलाच असे आणि त्या उपदेशकांची, बायबल-स्त्रियांची नोंद फार तुटपुंजी आहे. हा अन्याय या विषयावरच्या लिखाणात अजून दूर झालेला नाही.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने एक अवघड प्रश्न उभा केला. मिशनांनी अन्न दिले, अनाथ मुले सांभाळली आणि त्यांतली कित्येक ख्रिस्ती म्हणून वाढली. भुकेच्या वेळी दिलेली भाकर आणि सांगितलेला धर्म यांची सरमिसळ होते, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे आणि तो खरा मानूनच पुढे जायला हवे. भाकर नाकारणे हा त्यावरचा उपाय नव्हता. भाकरीची किंमत म्हणून श्रद्धा न मागणे हा होता. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथे १९४२ मध्ये सुरू झालेले ख्रिस्ती रुग्णालय आजही आदिवासी पट्ट्यात काम करते. तिथे येणाऱ्याला त्याचा धर्म कोणता हे विचारून औषध दिले जात नाही, हेच अशा सेवेचे बळ आहे.

श्रद्धा सांगण्याचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे (१८६१-१९१९). ते स्वतः अशाच एका साक्षीतून घडले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि नवा करार हाती दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मधली दोन वर्षे वाचनाची आणि मनातल्या झगड्याची होती. पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर आणखी पाच वर्षे घेतली आणि १९०० मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावर, बाप्तिस्मा घेतला.

खानदेशाशी टिळकांचे नाते कवितेतून जुळले. १९०७ मध्ये जळगावला डॉ. का. र. कीर्तिकरांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या किशोराने तिथे कविता म्हटल्या आणि त्याला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला आईची माया लावली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्याचा सहवास येतो. टिळक तेव्हा पूर्ण वेळ ख्रिस्ताचे काम करणारे, अभंगांतून आणि कीर्तनांतून त्याला मराठी मनापर्यंत नेणारे होते. तरी त्यांच्या छपराखाली राहिलेला हा मुलगा हिंदूच राहिला. १९१८ मध्ये जळगावजवळ भादली स्थानकाशी रेल्वेखाली त्याचा अकाली अंत झाला. ज्या घरात सुवार्ता हा श्वास होता, त्या घरात एका तरुण कवीला आसरा मिळाला आणि त्याबदली काहीही मागितले गेले नाही. पेत्राने घातलेल्या अटीचे याहून स्वच्छ उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

कायद्याने हीच सीमा वेगळ्या शब्दांत आखली आहे. राज्यघटनेच्या २५व्या कलमात धर्म मानण्याबरोबरच त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा त्याला आहे. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश या १९७७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. दोन्ही बाजूंचे लोक यातले आपल्या सोयीचे अर्धेच वाक्य उचलतात. प्रार्थनासभा बंद पाडणाऱ्याला पहिला अर्धा भाग आठवत नाही, आमिष दाखवणाऱ्याला दुसरा. २०११ मध्ये व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून काढलेल्या निवेदनातही साक्ष देणे कर्तव्य म्हटले आहे, आणि फसवणूक, सक्ती व आमिष त्याज्य ठरवले आहे.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. कॅथलिकांसाठी हा प्रदेश १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो. प्रॉटेस्टंट मंडळ्या लहान आहेत आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक पाळकच त्या चालवतात. नवा करार आता अहिराणी आणि मावची या इथल्या बोलींतही वाचता येतो.